चाचे शोधायला शिरगावला

माझा पीएचडीचा थिसिस आता विद्यापीठाच्या लायब्ररीत कुठल्यातरी कपाटात सुखाने झोपलाय. जे त्यात बसलं नाही ते मात्र काही केल्या झोपत नाही. चहा ओतता ओतता कोणी बोलून गेलेलं, रेकॉर्डर बंद केल्यावर कोणी सांगितलेलं, प्रश्नावलीच्या चौकटीत न मावलेलं, हे सगळं साठत गेलं. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो जाळ्याचा किस्सा सांगा ना." एक सांगितला की त्याचा हात धरून दुसरा येतो. म्हणून म्हटलं, एकदा ओळीने सांगूनच टाकावेत.

आधी माझी ओळख. मी पालघरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माहेर कराडकडचं. नवरा तारापूरच्या वीज प्रकल्पात, त्यामुळे लग्नानंतर थेट कॉलनीत. समुद्र मी लग्नानंतरच पहिल्यांदा नीट पाहिला. आणि पीएचडीला विषय घेतला समुद्री चाच्यांचा! म्हणजे असं, की चाचे व्यापारी जहाजांवर हल्ले करतात, म्हणून जहाजांचे मालक बंदूकवाली माणसं भाड्याने ठेवतात. मग समुद्राची राखण नेमकी कोणाची? सरकारची की पगार देणाऱ्याची? आणि त्याच पाण्यात मासे धरणाऱ्यांचं काय?

विषय सांगितल्यावर नवरा म्हणाला, "चांगलाय." मग जरा वेळाने म्हणाला, "पण तुला कळशीतल्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते."

*

पहिली अडचण शब्दाची. विषयाचं नाव इंग्रजीत होतं आणि त्यात 'पायरसी' हा शब्द होता. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी सिनॉप्सिसच्या प्रती काढायला गेले. त्याने पहिलं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पूर्वी सिनेमाच्या सीडी असायच्या, खरंय. पण आता सगळं बंद केलंय. हवं तर दुकान बघा."

मी म्हटलं, "अहो, ही समुद्रातली पायरसी."

"समुद्रात पण सीडी?" तो म्हणाला.

घरी सासूबाईंना मी मराठीत सांगितलं, चाचे म्हणजे समुद्रातले दरोडेखोर. त्यांनी कॉलनीतल्या बायकांना सांगितलं, "सून चोरांवर शिकतेय." मग एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर तांबड्या समुद्रात जहाज पळवल्याची बातमी लागली की स्वयंपाकघरात हाक यायची, "अगं ये लवकर, तुझी माणसं आलीत."

मधली काही वर्षं चाचे थंड होते. बातम्या नाहीत, हल्ले नाहीत. सासूबाई एकदा काळजीने म्हणाल्या, "तुझं शिक्षण पूर्ण होईपर्यंत तरी टिकायला हवे होते."

*

फील्डवर्क करायचं तर कोळीवाडा हवा. पालघरहून जवळ शिरगाव. तिथला किल्ला मी विद्यार्थ्यांना दाखवला होता, किल्ल्यापलीकडच्या वस्तीत मात्र कधी गेले नव्हते. कोणीतरी नाव सांगितलं, हरेश्वर तांडेल. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा. साठीच्या आसपासचे, काटक, दाढीचे खुंट पांढरे. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत बसून जाळं दुरुस्त करत होते. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला बाय.

मी प्रश्नावली काढली. "काका, समुद्रावर असताना तुम्हाला असुरक्षित वाटतं का? एक ते पाचमध्ये सांगायचं. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

काकांनी सुई थांबवली. "तू गेलीस कदी पाण्यात?"

"नाही."

"मंग तुला कसं कलंल, माजा तीन मोठा का लहान?"

ह्या प्रश्नाला संशोधनपद्धतीच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या बोटीत. किनारा दिसेनासा व्हायच्या आतच माझं पोट वर आलं. एका हाताने बोटीची कड धरलेली, दुसऱ्या हातात अजून प्रश्नावलीचं क्लिपबोर्ड. काका सुकाणूवरून शांतपणे म्हणाले, "हां. आता सांग, एक ते पाच."

मी म्हटलं, "सात."

त्या दिवशी परतताना ते आपणहून बोलायला लागले. प्रश्नावली तोवर भिजून लगदा झाली होती. म्हणाले, "चाचे मी पायले नाय, बाय. मोठी जहाजं पायली. ती आमाला बगत नाय. जाल्यावरून जातात, मागं वलून पन बगत नाय. आमची भीती ती हाय."

*

हे वाक्य मी प्रकरण तीनमध्ये घातलं. माझे गाइड मुंबईला असतात. अत्यंत सज्जन माणूस, पण लाल पेनाशिवाय त्यांना दिसतच नाही. त्यांनी वाक्याखाली रेघ ओढून लिहिलं, 'आधार?'

मी फोनवर म्हटलं, "सर, तांडेलांनी सांगितलंय."

"तांडेल म्हणाले हे मत झालं. पुरावा काय?"

मी शिरगावला गेले आणि काकांना बिचकत बिचकत सांगितलं, की सर पुरावा मागतायत. मला वाटलं रागावतील. ते उठले, मागच्या खोपट्यात गेले आणि मिठाईच्या दुकानाची एक मोठी पिशवी घेऊन आले. आत जाळ्याचा तुकडा. एका बाजूने सुरीने कापावा तसा सरळ तुटलेला, दोर चेचलेला, त्यावर गंजाचा लालसर पट्टा.

"ह्यो दे तुज्या सरांना. सांग, जहाजाची सही हाय."

मी ती पिशवी मुंबईपर्यंत नेली. लोकलच्या डब्यात माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या, यावरून वासाची कल्पना यावी. सरांनी आपल्या केबिनमध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो तुकडा ठेवला. शुद्ध शाकाहारी माणूस. पण चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. तुटलेल्या दोरावरून बोट फिरवलं. मग माझं प्रकरण ओढून घेतलं आणि 'आधार?' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

शिपाई दारातून विचारत होता, "सर, उंदीर मेलाय का कुठे?"

"नाही," सर म्हणाले, "परिशिष्ट आहे."

*

तारापूरच्या बाजूचा किनारा मला फोटोत हवा होता. मोबाइल काढला आणि मागून शिट्टी वाजली. एक सुरक्षारक्षक धावत आला. ओळखपत्र बघितलं, नवरा कुठल्या विभागात आहे ते विचारलं, तरी मोबाइल खाली ठेवा म्हणाला.

"अहो, मी अभ्यास करतेय."

"विषय काय?"

"सागरी सुरक्षा."

तो जरासुद्धा हसला नाही. म्हणाला, "मग तुमच्या अभ्यासात लिहा, की इथे फोटो काढू देत नाहीत. म्हणजे सुरक्षा व्यवस्थित आहे."

मी खरंच लिहिलं. तळटीप म्हणून. साऱ्या थिसिसमध्ये सरांचं लाल पेन न लागलेली ती एकमेव ओळ.

*

आता मानेसाहेब. चाच्यांशी लढायला जहाजांवर जी बंदूकवाली माणसं असतात, त्यांच्यापैकी कोणी भेटावा म्हणून मी वर्षभर ई-मेल पाठवत होते. लंडनला पाठवले, दुबईला पाठवले. उत्तर नाही. आणि माणूस सापडला आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, सरावलीत. साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर एका खासगी कंपनीतर्फे काही वर्षं जहाजांवर राहिलेले. आता बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर. ताठ बसणं, मोजकं बोलणं, मिशी जागच्या जागी.

मुलाखतीआधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं. मी मोठ्याने वाचायला लागले, "प्रस्तुत संशोधन समुद्री चाचेगिरी व भाडोत्री सैनिक या विषयावर..." आणि थांबले. मानेसाहेबांचा चेहरा बदलला होता.

"भाडोत्री," ते म्हणाले.

मी गडबडले. "तो पारिभाषिक शब्द आहे, साहेब. इंग्रजीतून..."

आतून त्यांच्या बायकोचा, सुरेखावहिनींचा आवाज आला, "बरोबरच लिहिलंय की. खोली भाड्याची, गॅसची शेगडी भाड्याची, आपण भाडोत्रीच." आणि त्या चहा घेऊन बाहेर आल्या. मानेसाहेब हसले, मीही हसले, पण शब्द तिथेच पडून राहिला.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, फौजेत होतो तेव्हा जवान म्हणायचे. जहाजावर गेलो तर भाडोत्री. आता गेटवर उभा राहतो तर पोरंसुद्धा 'ए वॉचमन' म्हणतात. माणूस तोच आहे. बूटसुद्धा तेच आहेत, सोल बदललाय फक्त."

घरी येऊन मी सबंध थिसिसमध्ये तो शब्द शोधला आणि त्याजागी 'खासगी सशस्त्र रक्षक' केला. कॉम्प्युटरने एका फटक्यात सगळे बदलून दिले. एका ठिकाणी मात्र घोटाळा झाला. संदर्भसूचीत एका इंग्रजी लेखकाच्या पुस्तकाचं मी केलेलं मराठी नावही बदललं. सरांनी ते पकडलं. मी म्हटलं, "सर, लेखकाची हरकत नसावी."

*

तिसऱ्या वर्षी आम्ही कॉलेजात एक दिवसाचा सेमिनार घेतला. प्रमुख पाहुणे म्हणून नौदलातले एक निवृत्त कमांडर. मी हट्टाने काकांनाही बोलावलं. प्राचार्यांनी विचारलं, "ते बोलतील काय?" मी म्हटलं, "विचारलं तर बोलतील." मानेसाहेबांना श्रोते म्हणून आग्रहाने बोलावलं होतं. ते मागच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.

कमांडरांनी लॅपटॉप जोडला, पहिली स्लाइड आली आणि हॉलचा फ्यूज उडाला. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत काय करायचं? प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे.

काका उठले. फळ्यापाशी गेले. खडू हातात घेऊन एक बोट काढली, तिच्यापुढे लांबपर्यंत ठिपके ठिपके. "ही आमची होडी. हे जालं. वर ह्ये कॅन बांदलेले, पिवले, तेलाचे असतात ना, ते. जालं बुडू नये म्हनून." मग वरच्या कोपऱ्यात एक मोठं जहाज काढलं. "आता ह्यो इकडनं आला. तुमी काय कराल?"

एक मुलगी म्हणाली, "लांब पळू."

"तू पललीस तर जालं गेलं. वरीसभराची कमाई गेली. आमी पलत नाय. आमी जहाजाकडं जातो. जोरात. उबं राहून हात हलवतो, वरडतो. कॅन हाय तो उचलून दाकवतो, का बाबा, हितं जालं हाय, जरा बाजूनं जा."

कमांडर पहिल्या रांगेत खिशातून डायरी काढून लिहून घेत होते. मध्येच त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "काका, लांबून दिसायला हे चाच्यांसारखंच दिसणार ना? लहान बोट, वेगात, जहाजाच्या दिशेने, माणसं उभी."

"तेच सांगतोय," काका म्हणाले. "तुमाला लांबून सगलं सारकंच दिसतं."

वीज आली, टाळ्या वाजल्या. कमांडर माइकवर म्हणाले, "माझ्या स्लाइड राहू द्या. मला यांना अजून विचारायचंय." असा सेमिनार आमच्या कॉलेजात पुन्हा झाला नाही.

मी मागे पाहिलं तर मानेसाहेबांची खुर्ची रिकामी होती.

*

हा पुढचा प्रसंग सांगायला त्यांनी नंतर स्वतः होकार दिला, म्हणून सांगते. नाव मी बदललंच आहे.

मानेसाहेब कॉलेजच्या गेटबाहेर, आपल्या मोटरसायकलजवळ उभे होते. किल्ली हातात, पण लावलेली नव्हती. मला वाटलं तब्येत बिघडली. पाणी आणून दिलं. ते प्यायले नाहीत.

म्हणाले, "पिवळा कॅन."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातातून परत घेतला.

"मॅडम, तांबड्या समुद्रात होतो. दुपारची वेळ. एक लहान बोट सरळ आमच्याकडे आली. तिघं होते. आम्ही बंदुका वर धरून दाखवल्या, थांबले नाहीत. भोंगा वाजवला, थांबले नाहीत. एक जण उभा राहिला आणि त्याने काहीतरी पिवळं उचललं. आमच्याकडे नियम असतात. आधी पाण्यात, बोटीच्या पुढे मारायचं. मी पाण्यात मारलं. तीन राउंड. पण पाण्यावरनं गोळी टप्पा घेते, मॅडम. तळ्यात चपटा दगड मारल्यावर कसा उड्या मारत जातो, तशी. कुठे जाईल सांगता येत नाही. तो उभा असलेला माणूस खाली बसला."

"लागली?"

"माहीत नाही. तेच माहीत नाही. बोट थांबली. आमचं जहाज पुढे निघून गेलं. कंपनीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, संशयास्पद बोट परतवली. कॅप्टनने पाठ थोपटली." त्यांनी किल्ली लावली, परत काढली. "इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो, ती जहाजावर चढायची शिडी असेल, हत्यार असेल. पिवळं हत्यार मी कधी पाहिलं नाही."

मी विचारलं, "घरी माहीत आहे?"

"सुरेखाला नाही. कोणालाच नाही. हे लिहू नका."

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

माझ्या थिसिसमध्ये पाचवं प्रकरण ह्याच प्रश्नावर होतं, कोळ्यांना चाचे समजून चूक होते का. त्या प्रकरणात इतरांच्या पुस्तकांतली उदाहरणं होती, माझं स्वतःचं एकही नव्हतं. आता होतं. मी ते प्रकरण जसंच्या तसं सादर केलं.

*

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, आवाज अगदी हळू. गाइड माझ्या शेजारी. बाईंनी नेमकं पाचवं प्रकरण उघडलं.

"हे प्रकरण इतर प्रकरणांपेक्षा अशक्त आहे. तुम्ही रक्षकांशी बोललात, कोळ्यांशी बोललात. ओळखण्यात चूक झाल्याचं एकही उदाहरण तुम्हाला मिळालं नाही?"

खोटं बोलायचं तर 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मिळालं."

गाइडनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"मग ते कुठे आहे?"

"देता येणार नाही. ज्यांनी सांगितलं त्यांना मी शब्द दिलाय."

बाईंनी थिसिस मिटला. मला वाटलं, गेली आपली सहा वर्षं. सासूबाईंना काय सांगायचं, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही एक आहे. तीस वर्षं झाली." मग गाइडकडे वळून म्हणाल्या, "हिने फील्डवर्क केलंय. बाकी काही विचारायचं नाही मला."

बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, "मला तरी सांग."

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "पेढे कुठले आणणार ते तरी सांग."

*

पेढे द्यायला मी सरावलीला गेले. सुरेखावहिनींनी दोन घेतले. एक देवापुढे ठेवला, एक माझ्या तोंडात घातला. मानेसाहेब मला खाली सोडायला आले आणि म्हणाले, "मॅडम, त्या तांडेलांना भेटायचंय मला. तुम्ही बरोबर याल?"

रविवारी सकाळी आम्ही शिरगावला गेलो. ओहोटी होती, होड्या वाळूवर आडव्या पडलेल्या. काका बोटीच्या सावलीत जाळं पसरून बसले होते. मी म्हटलं, "काका, हे मानेसाहेब. जहाजावर रक्षक होते. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"बस, दादा," काका म्हणाले.

मानेसाहेब वाळूवर मांडी घालून बसले. जे मला गेटपाशी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. ह्या वेळी अडखळले नाहीत. फौजेत वरिष्ठांसमोर माहिती देतात तसं, काही न गाळता. तीन राउंडसुद्धा सांगितले. काकांची सुई चालूच होती. मला भीती वाटत होती, की आता ते काय बोलतील. त्यांच्याच माणसांवर, मग ती कुठल्याही मुलखाची असोत, गोळी झाडणारा समोर बसला होता.

सांगून झाल्यावर मानेसाहेब म्हणाले, "एवढंच."

काकांनी विचारलं, "ती होडी मंग कुटं गेली?"

"कुठेच नाही. तिथेच थांबली. आमचं जहाज पुढे गेलं तरी मी दुर्बिणीतून बघत होतो. ती लहान लहान होत गेली, पण हलली नाही. कोणाला तरी लागलं म्हणूनच थांबले असणार. त्याच्यावर वाकले होते सगळे."

काकांची सुई थांबली. "वाकले व्हते?"

"हो."

"कुटं वाकले व्हते? होडीच्या आत का बायेर?"

मानेसाहेबांनी डोळे मिटले. काकांनी घाई केली नाही. मी मानेसाहेबांच्या हातांकडे पाहत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मग त्यातला एक हळूच उठला आणि हवेत, जणू समोर काही आहे असा, खालच्या दिशेला गेला.

"बाहेर," ते म्हणाले. "कडेवरून. पाण्याकडे."

"किती जन?"

"तिघं."

"नीट बग."

"तिघं होते. एक मागे, दोघं पुढे." त्यांनी डोळे उघडले. "तिघं होते, काका."

"मंग ते मानसावर नाय वाकले, दादा. जाल्यावर वाकले. तिगं मिलून जालं वडत व्हते." काकांनी सुतळी दातांनी तोडली. "मानूस लागला तर कोन जालं वडत बसतो? जालं कापायचं, टाकायचं नि किनाऱ्याकडं पलायचं. थांबत नाय कोन. आमी पन कापलं व्हतं एकदा."

कधी, कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मानेसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. पाणी आता परत चढायला लागलं होतं. काकांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा अर्ध्या राहिलेल्या जाळ्याकडे, आणि जाळ्याचं दुसरं टोक उचलून मानेसाहेबांच्या मांडीवर टाकलं.

"ही बाजू धर," ते म्हणाले. "सैल सोडू नको."